ओढ्याच्या तोंडावरची जागा

जांभळवाडी, ता. खानापूर
मार्गशीर्ष, सन १९४५

प्रिय भावकू,

आधी तुझ्या निरोपाचं उत्तर देते, मग बाकीचं लिहिते. दिवाळीला माहेरी येताना मी लोंढ्याला गाडीतून उतरले, तर मागच्याच डब्यातून तुझा पलटणीतला जोडीदार मष्णू उतरला. अंगावर खाकी, खांद्यावर वळकटी, आणि तोंड असं की गडी रजेवर आलाय की शिक्षेवर ते कळेना. तुझा निरोप त्यानं फलाटावरच एका दमात सांगून टाकला. बंदूक विकून टाका आणि माझी वाट बघू नका. आणखीही बरंच सांगितलं, त्याचं पुढं बघू. तर ऐक. बंदूक विकलेली नाही. वाट बघणंही थांबवलेलं नाही. उलट ती बंदूक चालवायला मी शिकले. हो, मीच. पाल दिसली की चुलीवरचं टाकून अंगणात पळणारी तुझी मालूआक्का. आता पोटभर हसून घे, मी थांबते.

झालं? मग हे असं का झालं ते सांगते. घरी आले तर आप्पा उंबऱ्यावर बसलेले. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तरी त्यांनी ओळखलं नाही, बोलले तेव्हा ओळखलं. मोतीबिंदू पिकलाय. सकाळी अंगणातला बैल आणि बैलगाडी यातला फरक कळतो, तेवढंच. तिकडं ओढ्याकाठचं भात दाण्यानं भरून वाकलेलं, आणि रानातून डुकरं रोज संध्याकाळी पंगतीला आल्यासारखी उतरणारी. गावात त्यांना अडवायला आहे कोण? तरणी पोरं तुझ्यासारखी पलटणीत, उरलेली रेल्वेत नाहीतर लाकडाच्या कंत्राटावर. लढाई संपली म्हणतात, पण अजून कोण घरी आलंय? दिवाळीला दोन दिवस आलेले तुझे दाजी म्हणत होते, यंदा भात गेलं तर आप्पांना आपल्याकडं निपाणीला नेऊ, घराला कुलूप लावू. ते मायेनंच म्हणत होते. पण आप्पांनी ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला तेव्हाच कळलं, बंदूक विकली की भात जाणार, भात गेलं की घर जाणार, आणि घर गेलं की तुला परत यायला गावच उरणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आढ्यावरची बंदूक काढून आप्पांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, शिकवा.

आप्पा बराच वेळ बंदुकीवरनं हात फिरवत राहिले. मग एवढंच म्हणाले, की भावकूला शिकवलं तेव्हा तो रडला होता, तू रडणार असशील तर आत्ताच रडून घे.

तुला आठवतं का रे? तुला पहिल्यांदा रानात नेलं त्या दिवशी मी दळणाला बसले होते आणि जात्यापेक्षा जास्त मीच घरघरत होते, की मला का नाही नेलं. आई म्हणायची, पोरीच्या जातीला रान कशाला. आणि तू आलास ते रिकाम्या हातानं, पण असा ऐटीत, की वाघ मारून ओसरीवर टाकलाय. मग रोज गोठ्यात तुझी शाळा भरायची. मला ससा करायचास. मी वैरणीत दडी मारून बसायची आणि तू पालथा पडून, जमीन हुंगत, माझा माग काढायचास. मी सापडले नाही की भोकाड पसरायचास, आणि मग मलाच मुद्दाम खोकावं लागायचं. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तेव्हाचं तिचं ते पदर तोंडाला लावून हसणं मला काल झाल्यासारखं दिसतं. तेव्हा, पहिले धडे मी तुझ्याकडनंच घेतलेत म्हण. सशाच्या बाजूनं.

आप्पांची शाळा मात्र कडक. पहिले काही दिवस बंदुकीला हातच लावू दिला नाही. नुसतं चालायला लावलं, सागाच्या वाळल्या पानांवरनं. मी पाऊल टाकलं की पापड मोडल्याचा आवाज. आप्पा बांधावर बसून नुसत्या आवाजावर माझ्या चुका काढायचे. शेवटी वैतागून म्हणाले, "अगं, डोस्क्यावर भरली घागर हाय असं समज आन् चाल. हिरीवरनं येतीस तशी." आणि काय सांगू, पानं गप्प झाली. आप्पा स्वतःच चकित. म्हणाले, हे भावकूला सांगता आलं नसतं, त्यानं कधी घागर उचललीय?

मग काकणांचा घोळ झाला. हात हलला की किणकिण. मी ती काढणार नाही हे आप्पांना माहीत आणि काढ म्हणून सांगायची त्यांची जीभही रेटेना. संध्याकाळी आपल्या जुन्या पटक्याच्या चिंध्या फाडून आणल्या आणि बाजूला तोंड करून माझ्या पुढ्यात टाकल्या. मी त्या काकणांवर गुंडाळल्या. गावभर झालं की मालूचे दोन्ही हात भाजलेत. रुक्माबाई तर कोरफड घेऊन आली.

बंदूक ठासायला शिकले तेव्हा आप्पा खुशीत आले. दारू किती, काथ्याचा बोळा किती, वरनं छरे किती, गज किती दाबायचा, सगळं त्यांच्या बोटांत आहे, डोळ्यांची गरजच पडत नाही. करंजीत सारण भरताना जसं कमी पडलं की पोकळ आणि जास्त झालं की फुटते, तसंच हे. मला लगेच कळलं. पण दारू मिळते कुठं आता? त्यामुळं रिकामी बंदूकच खांद्याला लावून बसायचं, श्वास धरायचा, सोडायचा. लायसन आप्पांचं, म्हणून ते सतत शेजारी. तलाठ्यानं विचारलंच तर बंदूक नागोजीरावांची आहे, लेक नुसती धरून उभी आहे, असं सांगायचं ठरलं होतं. खरा बार एकदाच काढू दिला, बांधावर भोपळा ठेवून. भोपळा जिथल्या तिथं राहिला. पलीकडं भरमूतात्याच्या गवताच्या गंजीवरचा कावळा मात्र उडाला, आणि गंजीमागं पान खात बसलेले भरमूतात्याही उडाले. म्हातारा लंगडतो म्हणून ऐकलं होतं, त्या दिवशी लंगडला नाही.

आता माझी खरी फजिती ऐक. मी शिकले असं समजून आप्पा मला तिन्हीसांजेला शेतातल्या माळ्यावर घेऊन बसायला लागले. डुकरं यायची ती याच वेळेला. आम्ही बसलो, अंधारून आलं, एक डुक्कर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फुशारून गेले. म्हटलं, रानात माझं नाव झालं. गावातही बोलबाला, की मालूच्या नुसत्या बसण्यानं डुकरं हटली. फक्त ओढ्यापलीकडची शालूबाई शिव्या देत आली, कारण आपल्या शेतातली सगळी पंगत आता तिच्या शेतात बसत होती. ती भांडत असतानाच आप्पांनी नाक वर केलं, माझ्याजवळ आले, पदर हातात घेऊन हुंगला आणि कपाळाला हात लावला. तंबाखू रे, तंबाखू. तुझे दाजी वखारीत दिवाणजी, मी दुपारी पानं निवडायला जाते, घरात, अंथरुणात, भाकरीत, सगळीकडं तोच वास. आम्हा निपाणीकरांना तो येतच नाही. मी घागर घेतल्यासारखी अलगद चालत होते, काकणं बांधून बसत होते, आणि अख्ख्या रानाला माझा पत्ता नाकानंच कळत होता. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई गेल्यावर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून मला माझ्या फजितीचं काही वाटलं नाही.

मग आईचं जुनं लुगडं पेटीतून काढलं, गोठ्यात बैलांच्या वर दोरीवर टांगून ठेवलं आणि ते नेसून मी रानात जायला लागले. माझं तंबाखूचं लुगडं शालूबाई मागून घेऊन गेली आणि काठीला बांधून आपल्या बांधावर उभं केलं. चार दिवस लुगड्यानं राखण केली. पाचव्या दिवशी सकाळी ती ते चिखलात तुडवलेलं, दातांनी फाडलेलं घेऊन आली. डुकरं वासाला सरावली होती. आप्पा म्हणाले, आता एकच उपाय, दिवसा हाका घालायचा. डोंगराच्या बाजूनं रान उठवायचं आणि जनावर ओढ्यात उतरवायचं.

हाका म्हणजे पन्नास गडी तरी हवेत, हे तुला सांगायला नको. निघालो ते चार म्हातारे आणि बाकी सगळ्या बायका. पितळी ताटं, घमेली, पाट्या, जे हाताला लागलं ते. शालूबाईनं लग्नातला हंडा आणला होता आणि त्याला पोचा पडला तर नवरा लढाईवरनं येऊन मारील म्हणून काळजीत होती, तरी सगळ्यात मोठ्यानं तिनंच वाजवला. एवढी वर्षं गडी लोक हाका घालून येतात आणि काहीतरी फार मोठं करून आल्यासारखे पसरतात. आता आम्हाला कळलंय की त्यात नुसतं ओरडायचंच असतं, आणि ते आम्हाला तुमच्यापेक्षा बरं येतं.

मी मात्र ओढ्याच्या तोंडावर होते. आपल्या घराची जागा, करवंदाच्या जाळीमागची. आप्पा माझ्या मागं बसले आणि त्यांनी उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला. हात आहे तोवर थांबायचं, हात उचलला की मग तुझं तू बघायचं, एवढंच ठरलं होतं. तुझ्याही पाठीवर असाच हात असायचा ना? तू हे कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं तू एकटाच शूर.

वरनं आरडाओरडा सुरू झाला. आधी मोर गेले, मग एक भेकर उडी मारून गेलं, आप्पांचा हात तसाच. मग पाला खसखसला आणि एक डुकरीण बाहेर आली, मागं पट्ट्यापट्ट्यांची पिलं. माझं बोट चापावर गेलं होतं, खोटं कशाला सांगू. आप्पांना दिसत नव्हतं, पण बारक्या पावलांचा आवाज त्यांना माझ्याआधी ऐकू आला असणार, कारण पाठीवरचा हात घट्ट दाबला गेला. ती सगळी पलटण ओढा ओलांडून गेली. मला वाटलं, संपलं, आता काही येत नाही. तेवढ्यात आप्पांचा श्वास थांबला. मला काहीच ऐकू आलं नाही. आणि पाठीवरचा हात उचलला गेला.

भावकू, तो एकटाच होता. काळा, वाकड्या सुळ्यांचा, भातात लोळून लोळून माजलेला. सरळ माझ्याकडंच येत होता. मी भ्याले. पण त्याच क्षणी आपलं तुडवलेलं भात आठवलं, आप्पांचं ते न जेवणं आठवलं, आणि इतका राग आला की भीतीला जागाच राहिली नाही. बार उडाला तेव्हा मी मागं आप्पांच्या अंगावर कोसळले आणि आम्ही दोघंही चिखलात. धूर, दारूचा वास, कानात शिट्टी. आप्पा खालूनच विचारताहेत, "पडला का गं?" मी म्हटलं, "दोगंबी पडलोय आप्पा. म्याबी आन् त्योबी." खांदा अजून काळानिळा आहे. तुझे दाजी रविवारी आले होते, खांदा बघून त्यांनी विचारलं की निपाणीत माझ्या आईला काय सांगू. मी म्हटलं, माहेरी लाड झाले म्हणून सांगा.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. वाटे तिथंच ओढ्याकाठी पडले, नेहमीसारखे सागाच्या पानांवर. हाक्याला आलेल्या प्रत्येक चुलीचा एक, कुत्र्यांचा एक, बंदुकीचा एक. शेवटचा मानाचा. आपल्या गावची रीत तुला माहीत आहे. मानाचा वाटा जिथून बार निघाला त्या जागेचा, आणि पुढच्या साली त्या जागेवर जो उभा राहणार त्याच्या नावानं पुकारायचा. घरात कोणी उभं राहणार नसेल, तर जागा दुसऱ्या चुलीकडं जाते आणि पुन्हा येत नाही. पुकारायचं काम भरमूतात्यांचं; ते वाटा हातात घेऊन उभे राहिले आणि अडले. मी माहेरवाशीण, आज ना उद्या निपाणीला जाणारी. माझं नाव पुकारता येईना. तात्यांनी अगदी हळू विचारलं, "नागोजी, फुडल्या साली ह्या जाग्यावर कोन रं?"

सगळ्यांनी नजर ओढ्याकडं वळवली. कारण मष्णूच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊक आहेच. इटलीत तुझा उजवा हात गेला हे अख्ख्या गावाला माहीत होतं. इतके महिने तुझं अक्षर का दिसलं नाही, ते मलाही फलाटावरच कळलं होतं. फलाटावरच्या बाकावर बसून मी खूप रडले आणि मग डोळे धुऊन घरी आले. फक्त आप्पांना कोणी सांगितलं नव्हतं. मी नाही, भरमूतात्यांनी नाही, भांडखोर शालूबाईनंसुद्धा नाही. सगळा गाव म्हाताऱ्याला जपत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आप्पाच उठून उभे राहिले.

"माझा भावकू," ते म्हणाले. "हात गेलाय त्येचा, मला ठावं हाय. मष्णूनं गावात आल्याबराबर आदी मलाच सांगितलंय. पाय हायत न्हवं? जाग्यावर हुबं ऱ्हायाला पायच लागत्यात. बार मी काढीन. कुटं काढायचा येवडं त्यानं सांगावं."

भरमूतात्यांनी तुझं नाव पुकारलं. असं पुकारलं, की पलीकडच्या डोंगरावरनं ते परत आलं. शालूबाई हंड्यात तोंड घालून रडत होती आणि मला म्हणत होती की धूर गेलाय डोळ्यांत. आप्पा एवढे दिवस मला शिकवत होते तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं, आणि मला दुःख होऊ नये म्हणून तेही बोलत नव्हते. बाप-लेक एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत रोज रिकाम्या बंदुकीनं नेम धरत होतो.

तुझा वाटा मीठ-हळद लावून चुलीवर टांगलाय. तो टिकेल. शब्द मात्र आप्पांनी सगळ्या गावासमोर दिलाय आणि त्यांनी आजवर दिलेला शब्द मोडलेला नाही, म्हणून हे पत्र. तुझे दाजी येत्या आठवड्यात पुण्याला येताहेत, तुला न्यायला. ते दवाखान्याच्या दारात उभे राहायच्या आधी हे तुझ्या हातात पडावं, म्हणून घाईनं लिहितेय. तू डाव्या हातानं लिहायला लागला असशील, नसशील तर शेजारच्या कुणाकडून लिहून घेशील, आणि मी येत नाही असं कळवशील, मला तू माहीत आहेस. खुशाल कळव. पण आप्पांना आता वाचता येत नाही, वाचून दाखवायला घरात मीच आहे, आणि मी ते वाचून दाखवणार नाही. येत नाही असं त्यांना सांगायचं असेल, तर तुला इथं येऊन, त्यांच्यासमोर उभं राहून सांगावं लागेल.

तुझीच,
मालूआक्का